मावळत्या सूर्यासमोर पोर्ट्रेट: आकाश आणि चेहरा दोन्ही कसे सांभाळावे

कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. पाण्याकडे पाठ करून माणसाला उभं केलं की मागचं आकाश सुरेख येतं आणि चेहरा काळवंडतो. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) वाढवलं तर आकाश पांढरंफटक पडतं. इथे फ्लॅश कामाला येतो. मात्र तो इतका बेताचा हवा की फोटो पाहणाऱ्याला त्याची आठवणही होऊ नये.

कॅमेरा आणि फ्लॅश, दोन्ही मॅन्युअलवर ठेवा. फ्लॅश क्षणार्धात चमकून विझतो. म्हणून शटर १/२०० सेकंद उघडं राहिलं काय किंवा १/६० काय, फ्लॅशचा उजेड तेवढाच नोंदला जातो. बदलतो तो फक्त आजूबाजूचा उजेड. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) मात्र दोन्ही उजेडांना सारखेच कमी-जास्त करतात. थोडक्यात, आकाशासाठी शटर आणि चेहऱ्यासाठी फ्लॅशची पॉवर. हे हातात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी फ्लॅश बंद ठेवून फक्त आकाश जमवा. सूर्य क्षितिजाजवळ आला असेल तर आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/४ आणि शटर १/२०० इथून सुरुवात करता येते. स्क्रीनवर आकाश पाहा. मीटर जे योग्य म्हणतो त्याहून साधारण एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची पायरी) गडद मला आवडतं, कारण केशरी आणि जांभळा रंग तिथेच खुलतो. या घडीला चेहरा काळा दिसेल, दिसू द्या.

आता फ्लॅश. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो, म्हणून ट्रिगर (दुरून फ्लॅश पेटवणारं उपकरण) वापरून तो बाजूला घ्या. सूर्य डाव्या खांद्यामागे असेल तर फ्लॅश समोरून उजवीकडे, डोक्यापेक्षा थोडा वर, साधारण दीड मीटरवर. केसांच्या कडेला सूर्याची रेघ राहते आणि चेहऱ्याला गोलाई येते. पुढे उजेड मऊ करायला सॉफ्टबॉक्स किंवा छत्री हवीच, पण किनाऱ्यावरचा वारा छत्री उडवतो; स्टँड कोणाला तरी धरायला सांगा, नाहीतर त्याला वाळूची पिशवी बांधा. पॉवर १/८ पासून सुरू करा. चेहरा ठीक वाटला की तिथून आणखी थोडी कमी करा. फ्लॅशच्या स्क्रीनवर दिसणारा एक तृतीयांश स्टॉपचा फरक इथे पुरतो.

पॉवर वाढवून सावळा चेहरा गोरा दाखवायची सवय आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोंत फार खोल गेली आहे. ती सोडायला हवी. सावळ्या त्वचेवर संध्याकाळचा उजेड विलक्षण सुंदर दिसतो आणि जास्तीचा फ्लॅश नेमका तोच पुसून टाकतो. माणूस समोर जसा दिसतो तसाच फोटोत यायला हवा. पैठणी असेल तर जरीकडेही लक्ष द्या. सरळ पडलेल्या फ्लॅशने जर पांढरी होते आणि पदरावरचे मोर हरवतात. फ्लॅश थोडा तिरका फिरवला की जर पुन्हा सोनेरी होते.

रंगही जुळायला हवा. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), भर दुपारच्या उन्हासारखा असतो. मावळतीचा त्याहून खूप पिवळा. दोन्ही एकत्र आले की चेहरा निळसर आणि परका दिसतो. फ्लॅशवर अर्धी सीटीओ, म्हणजे केशरी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग) ऑटोवर न ठेवता ५५०० वर पक्का करा, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल.

दुपारी चारच्या उन्हात अडचण निराळी असते. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/४ ठेवलं तर कडक उन्हात शटर १/१६०० च्या आसपास जातं, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० पर्यंतच चालतो. त्यापुढे फोटोत काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवणारी सोय) वापरता येतं, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. मग फ्लॅश जवळ न्या: अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. दुसरा उपाय तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच. त्याने शटर पुन्हा १/२०० वर येतं. फिल्टर फ्लॅशचा उजेडही तितकाच अडवतो, हे धरून पॉवर वाढवा. फ्लॅशच नसेल तर थर्माकोलची पांढरी शीट छातीच्या उंचीवर धरून ऊन चेहऱ्यावर परतवा. डोळ्यांत छान चमक येते.

सूर्य बुडाला म्हणून लगेच सामान आवरू नका. उजेड उतरेल तसं फक्त शटर मंद करत जा: १/१२५, १/६०, १/३०. आकाश टिकून राहतं आणि चेहऱ्यावरचा फ्लॅश जसाच्या तसा राहतो. आकाश निळं झालं की फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल चढवा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० वर आणा. चेहरा नैसर्गिक राहतो, मागचा निळा रंग गडद होतो. या वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर हवा. फ्लॅश चमकल्यावरही क्षणभर स्तब्ध राहायला समोरच्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर केसांभोवती हललेली कडा उमटते.