आरव्ही घेताना मॉडेलचं नाव आणि नंबर वाचायला चुकताय का? या चुका टाळा

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, मग ते स्वतःच्या इंजिनाचं मोटरहोम असो किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर. आमच्या घराच्या बाजूला गॅरेजला लागून सिमेंटची एक पट्टी आहे, मी ती टेपने मोजली तर २८ फूट भरली. मग ठरवलं की २६ नंबरचा ट्रेलर बघायचा, दोन फूट वर राहतील, बास झालं. डीलरकडे गेलो, मॉडेलच्या नावात २६ होतं, पुढे बीएच होतं, मुलं बंकवर, म्हणजे एकावर एक असलेल्या बेडवर, चढली ती खाली यायलाच तयार नाहीत, मी ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो. रात्री ब्रोशर नीट वाचलं तेव्हा कळलं की एकूण लांबी ३० फुटांच्या वर आहे. ॲडव्हान्स परत मिळाला पण तीन आठवडे फोनाफोनी करावी लागली. तेव्हापासून इथला कुणी मित्र आरव्ही घ्यायचं म्हणाला की मी त्याला आधी या नंबरांबद्दल सांगतो, तेच आज सविस्तर लिहितोय. हे सगळं अमेरिकेतल्या बाजाराबद्दल आहे, कॅनडात पण बऱ्याचशा याच कंपन्यांच्या गाड्या मिळतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कारच्या लिटर किंवा टीव्हीच्या इंचांसारखा आरव्हीच्या नंबरला कुठलाही सामाईक नियम नाही. यातल्या बहुतेक कंपन्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास एकमेकींना खेटून आहेत, पण नंबर मात्र प्रत्येकीचा स्वतःचा, आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन ब्रँडमध्येही पद्धत वेगळी.

चूक पहिली: सुरुवातीचे आकडे म्हणजे गाडीची लांबी असं धरून चालणं

माझी चूक हीच होती आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये पहिले दोन आकडे बऱ्याचदा फक्त आतल्या खोलीची, म्हणजे डब्याची लांबी सांगतात, आणि ती पण अंदाजे. पुढे हिचला, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या जोडणीला, अडकवायचा जो लोखंडी त्रिकोण असतो, ज्याला टंग म्हणतात, तो आणि मागचा बंपर त्यात धरलेला नसतो, म्हणजे तीनचार फूट तिथेच वाढले. लान्स १९९५ घ्या, नाव बघून १९ किंवा २० फूट वाटतो, पण हिचपासून मागच्या टोकापर्यंत जवळपास २४ फूट. ग्रँड डिझाइनचा इमॅजिन २५००आरएल पंचवीसचा वाटतो, भरतो तीसच्या आसपास. उलट स्कॅम्पचा १३ फुटी किंवा कसिटाचा १७ फुटी ट्रेलर घेतला तर तो आकडा हिच धरून असतो, आणि एअरस्ट्रीमचा नंबर पण एकूण लांबीच्या बराच जवळ जातो. म्हणजे २५ नंबरचा एअरस्ट्रीम आणि २५ नंबरचा दुसरा कुठला ट्रेलर शेजारी उभे केले तर एक चारेक फूट लांब निघू शकतो.

मोटरहोमला टंग नसतो म्हणून तिथे तरी आकडा खरा असेल असं वाटतं, पण तसंही नाही. विनेबॅगोची व्ह्यू २४डी साडेपंचवीस फुटांच्या आसपास आहे, थॉरची फोर विंड्स २२ई चोवीस फूट.

व्हॅनमध्ये तर अजून वेगळाच प्रकार. विनेबॅगोची ट्रॅव्हॅटो ५९जी किंवा सोलिस ५९पी बघून माणूस विचार करतो की ५९ कसले, फूट तर असूच शकत नाहीत. तर हा आकडा खालच्या रॅम प्रोमास्टर व्हॅनच्या व्हीलबेसवरून आलाय, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १५९ इंच, त्यातला एक गाळला की ५९. रेव्हल ४४ई मध्ये तसंच १४४ इंच, मर्सिडीज स्प्रिंटरचे, आणि छोट्या सोलिस पॉकेट ३६ए मध्ये १३६. एकदा हे कळलं की या तिन्हींतली कुठली मोठी कुठली छोटी ते नावावरूनच समजतं, पण लांबी अजूनही समजत नाही, ती वेगळी बघायची. ट्रॅव्हॅटो २१ फुटांना इंचभर कमी आहे.

हा इंचभर फरक पण कामाचा असतो. ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग टू द सन रोडच्या मधल्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी जाऊ देत नाहीत, बंपरसकट मोजून, आणि आरशांसकट रुंदी ८ फुटांच्या आत लागते. योसेमिटीच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडला ट्रेलर २४ फुटांपर्यंत आणि मोटरहोम ३५ फुटांपर्यंतच चालतं. तिथलं बुकिंग किती मुश्किलीने मिळतं ते ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांना माहितीये, त्यामुळे साइट मिळाल्यावर गाडी बसत नाही असं व्हायला नको. ब्रोशरमध्ये एक्स्टिरियर लेंग्थ लिहिलेली असते तोच आकडा धरा, आणि वापरलेली गाडी असेल तर स्वतः टेप लावा, कारण मागे सायकलचा रॅक किंवा शिडी कुणी बसवली असेल तर ती ब्रोशरमध्ये नसणार.

चूक दुसरी: अक्षरांचा अर्थ सगळीकडे एकच असतो असं समजणं

आकड्यांनंतरची अक्षरं आतली मांडणी सांगतात, आणि काही अक्षरं बऱ्यापैकी भरवशाची आहेत. बीएच म्हणजे बंकहाउस, मुलांचे एकावर एक बेड. आरएल म्हणजे बैठक मागच्या बाजूला, आरके म्हणजे किचन मागे, टीएच म्हणजे टॉय हॉलर, मागे बाइक वगैरे चढवायला गॅरेज असलेला. शेवटी एस असेल तर बहुतेक वेळा स्लाइड, म्हणजे भिंतीचा एक भाग बटण दाबलं की बाहेर सरकतो आणि आत जागा वाढते.

इथून पुढे मात्र जपून. आरबी म्हणजे बहुतेक ठिकाणी बाथरूम मागे, पण एअरस्ट्रीमच्या फ्लाइंग क्लाउड २५आरबी मध्ये मागे बेड आहे, त्यांच्याकडे २५एफबी म्हणजे पुढे बेड आणि २५आरबी म्हणजे मागे. डीएस म्हणजे डबल स्लाइड, फॉरेस्ट रिव्हरच्या सनसीकर २८६०डीएस मध्ये खरंच दोन स्लाइड आहेत, पण विनेबॅगोच्या मायक्रो मिनी २१०८डीएस मध्ये एकच आहे, जेवायच्या टेबलाची. एम हे अक्षर ग्रँड डिझाइनच्या इमॅजिन एक्सएलएस १७एमकेई मध्ये असतं आणि त्यात मर्फी बेड, म्हणजे भिंतीत उचलून ठेवायचा बेड, मिळतो, आणि कीस्टोनच्या कूगर ३६८एमबीआय मध्ये असतं तर तिथे मधोमध बंकची वेगळी खोली मिळते, एकच अक्षर आणि दोन टोकाच्या गोष्टी. विनेबॅगोच्या मोटरहोमचं शेवटचं अक्षर तर निव्वळ प्लॅनचं नाव असतं, २४डी मधल्या डी चा डबल वगैरे काही संबंध नाही. पण ट्रॅव्हॅटोच्या ५९जीएल आणि ५९केएल मधला एल कामाचा आहे, तो लिथियम बॅटरीवाला प्रकार, आणि किमतीत त्याने मोठा फरक पडतो.

हे एवढं खोलात का सांगतोय, तर आपल्यातले बरेच जण आईबाबा भारतातून येणार म्हणून आरव्ही घ्यायचा किंवा भाड्याने काढायचा विचार करतात. तेव्हा बीएच बघून आपण खूश होतो की मुलं बंकवर, आपण क्वीन बेडवर, आणि आजीआजोबा? त्यांच्या वाट्याला येतो टेबल खाली पाडून केलेला बेड, जो रोज रात्री लावायचा आणि सकाळी मोडायचा, आणि सत्तरीतल्या माणसाचे गुडघे त्या उंचीला त्रास देतात. स्लीप्स ८ असं लिहिलेलं असतं त्यात असे सगळे बेड मोजलेले असतात. मर्फी बेड दिवसा भिंतीत उचलून ठेवायचा असतो, म्हणजे बाबांना दुपारी आडवं व्हायचं असेल तर सोफा हलवा, बेड पाडा. मला विचाराल तर वडीलधारी मंडळी सोबत असतील तेव्हा बंकपेक्षा कायमचा, खाली असलेला दुसरा बेड आणि रात्री कुणाला न ओलांडता जाता येईल असं बाथरूम या दोनच गोष्टी आधी बघा, आणि त्या नुसत्या अक्षरांत सापडत नाहीत, फ्लोअर प्लॅनचं चित्रच बघावं लागतं.

चूक तिसरी: लाइट, हाफ टन, १५० असले शब्द वाचून आपली गाडी ओढेल असं मानणं

जेकोच्या ईगल एचटी मधला एचटी म्हणजे हाफ टन, ग्रँड डिझाइनच्या रिफ्लेक्शन १५० सिरीजमधला १५० पण तेच सुचवतो, की फोर्ड एफ-१५० सारख्या ट्रकने ओढता येईल. पण एफ-१५० पण दहा प्रकारची असते, एकाची क्षमता दुसऱ्याला नसते. अल्ट्रा लाइट, सुपर लाइट हे मार्केटिंगचे शब्द आहेत, किती पाउंडाच्या आत म्हणजे लाइट असं कुठे ठरलेलं नाही.

म्हणून नाव सोडा आणि तीन आकडे बघा. ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त वजन. दाराजवळचं पिवळं स्टिकर, ज्यावर सामान किती पाउंडांपेक्षा जास्त नको ते लिहिलेलं असतं, आणि त्याच स्टिकरवर पाण्याची टाकी भरली तर त्यातले किती पाउंड पाण्यातच जातात ते पण असतं, ते वाचाच, कारण पाणी गॅलनला ८.३ पाउंड भरतं, ४० गॅलनची टाकी म्हणजे ३३२ पाउंड. आणि तिसरा आकडा तुमच्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा, पेलोड, म्हणजे ट्रक स्वतःवर किती भार घेऊ शकतो ते. ट्रॅव्हल ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर येतो, फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात अडकवायच्या ट्रेलरचा, तर साधारण १५ ते २५ टक्के, आणि हा भार, गाडीत बसलेली माणसं, मागचं सामान, सगळं त्या पेलोडमध्ये बसायला हवं. ब्रोशरमधलं कोरडं, म्हणजे पाणी आणि सामान नसतानाचं, वजन घेऊन हिशोब करू नका, कोरडा ट्रेलर घेऊन कुणी फिरायला जात नाही, आपल्याकडे तर कुकर, तांदूळ, पिठाचा डबा हे आधी चढतं.

चूक चौथी: एकाच गाडीची दोन नावं न ओळखणं

थॉरची फोर विंड्स आणि शॅटो या एकमेकींच्या जुळ्या बहिणी, प्लॅनचे नंबर पण तेच, बाहेरचे पट्टे आणि रंग वेगळे. सनसीकर आणि फॉरेस्टर तशाच, हरिकेन आणि विंडस्पोर्ट तशाच, रॉकवुड आणि फ्लॅगस्टाफ पण. विनेबॅगोच्या व्ह्यूचं जुळं इटास्का नावाखाली यायचं, नॅव्हियन. वापरलेली गाडी शोधताना दोन्ही नावं टाकून शोधा, गाड्या दुप्पट दिसतात आणि भाव करताना तुमच्या हातात काहीतरी असतं.

याच्या उलट म्हणजे नाव जवळजवळ सारखं पण गाडी वेगळी. कीस्टोनची माँटाना आणि माँटाना हाय कंट्री या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हाय कंट्री स्वस्तातली. जेकोची जे फ्लाइट आणि जे फ्लाइट एसएलएक्स पण तसंच. विनेबॅगोची मायक्रो मिनी ७ फूट रुंद आहे आणि मिनी ८ फूट, आत चाललं की हा एक फूट लगेच जाणवतो. जाहिरात टाकणारे लोक हे शेपूट बऱ्याचदा लिहितच नाहीत, तेव्हा फोनवरच पूर्ण नाव विचारा.

मोटरहोमच्या क्लास ए, बी, सी वरून पण गोंधळ होतो, तो पटकन सांगतो: बी सगळ्यात छोटी, व्हॅन. सी मधली, ड्रायव्हरच्या डोक्यावर बेडचा फुगवटा असलेली. ए सगळ्यात मोठी, बससारखी.

चूक पाचवी: मॉडेलचं वर्ष जाहिरातीवरून घेणं

व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, १७ अक्षरांचा असतो, त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: एन २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५, टी २०२६. ट्रेलरला हे सरळ लागू होतं. मोटरहोममध्ये मात्र बऱ्याचदा खालची चॅसी, म्हणजे इंजिन आणि चाकांसकटचा सांगाडा, फोर्ड, रॅम किंवा मर्सिडीजची असते आणि व्हिन त्या चॅसीचा, त्यामुळे व्हिन २०२२ सांगतो आणि घर २०२३ चं म्हणून विकलं जातं, यात फसवणूक असतेच असं नाही. पण इन्शुरन्स आणि टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, कुठलं वर्ष येणार ते पैसे देण्याआधी विचारा. आणि वर्ष कळलं की त्याच वर्षाचं ब्रोशर कंपनीच्या साइटवरून काढा, कारण नंबर तोच ठेवून आतली मांडणी बदललेली असू शकते.

हे सगळं करून गाडी बघायला गेलात की विक्रेत्याला सगळ्या स्लाइड बंद करायला सांगा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन आत शिरा. फ्रिजचं दार उघडतं का, बाथरूमपर्यंत जाता येतं का, बेडवर बसता येतं का ते बघा, कारण हायवेवर रेस्ट एरियात थांबाल तेव्हा गाडी तशीच असणार आहे. आमच्या सध्याच्या ट्रेलरमध्ये स्लाइड बंद असताना पण आईला एकटीने बाथरूमला जाता येतं. तो २२ नंबरचा आहे, टंगसकट २६ फूट, आणि त्या सिमेंटच्या पट्टीवर मागे फिरायला जागा ठेवून बसतो.