फुकटच्या नासचं वीजबिल

ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वीज नाही. जुन्या डेस्कटॉपवर ते टाकून फोटोंसाठी नास (घरच्या नेटवर्कवरून फाइली ठेवायचं-बघायचं मशीन) उभा केला आणि घरचं बिल १०० युनिटच्या वरच्या महाग स्लॅबमध्ये जाऊन बसलं.

प्लगला लावायचा वॉटमीटर आणला. मशीन निवांत असतानाही ७० वॉट! म्हणजे दिवसाला १.६८ युनिट, महिन्याला साधारण ५०. एसी नसलेल्या घराला हे फार झालं.

आधी ग्राफिक्स कार्ड उपटलं. मॉनिटरच जोडलेला नाही तर ते हवंय कशाला? तिथेच १५ वॉट वाचले. मग चार जुन्या डिस्क काढून दोन मोठ्या, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी ४-५ वॉट खाते. बायोसमध्ये सी-स्टेट्स (काम नसताना प्रोसेसरला डुलकी घेऊ देणाऱ्या अवस्था) चालू केल्या, शेवटी पॉवरटॉप हे वीज वाचवायचं लिनक्स टूल. मीटर ३५ वर आला.

डिस्क सारख्या झोपवायच्या-उठवायच्या भानगडीत पडलो नाही. मोटरला तो त्रास नको.

खरा खर्च मात्र डिस्कचाच. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, त्यामुळे तिसरी डिस्क घ्यावीच लागली. ती भावाकडे ठेवलीय. यूपीएसची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलायची, तेही हिशेबात धरा.