‘जय जगत्’ला हात घालण्याआधी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी ‘विनोबांचा जागतिक शांततेचा विचार’ हा विषय सांगितला, तेव्हा विभागातल्या एका सरांनी चहाचा घोट घेता घेता विचारलं, “भूदान तर फसलं की गं. आता त्यात उरलंय काय?” मला उत्तर सुचलं नाही. पुढे पीएच.डी.लाही तोच विषय धरला, तो थोडा चिकाटीनं आणि खरं सांगायचं तर बराचसा त्या प्रश्नाच्या रागापायी. या विषयात नव्यानं शिरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझे जे महिने वाया गेले ते तुमचे जाऊ नयेत, एवढ्यासाठीच.

पहिली चूक सूचीची. विनोबांच्या साहित्याचे खंड समोर घेऊन मी शेवटच्या पानांवर ‘विश्वशांती’ हा शब्द शोधत बसले. हाती फारसं काही लागेना. एक अख्खा पावसाळा त्यात गेला. मग कळलं की हा माणूस शांततेबद्दल बोलतो ते जमिनीबद्दल बोलताना. १९५१ साली तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. एकीकडे जमीनदार, दुसरीकडे बंदुका, मध्ये पोलीस आणि फौज. विनोबा वर्ध्याजवळच्या आपल्या पवनार आश्रमातून पायी निघून हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला, म्हणजे गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्याला, गेले आणि तिथून थेट त्या भागात शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली, चाळीस ओलिताची आणि चाळीस कोरडवाहू. तिथले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. आपण याला भूदानाची सुरुवात म्हणून पाठ करतो. माझ्या वहीत मात्र हा प्रसंग ‘शांतता’ या मथळ्याखाली आहे, आणि पहिल्या पानावर आहे. तेव्हा शब्द शोधू नका, भांडण कशावरून होतं ते शोधा.

दुसरी चूक अवतरणांची. प्रबंधाच्या आराखड्यात मी विनोबांचं एक फार सुंदर वाक्य वर टाकलं होतं. कुठल्याशा सुविचाराच्या चित्रावरून उचललेलं. सादरीकरणाला बाहेरून आलेल्या तज्ज्ञबाईंनी चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारलं, “हे कुठे म्हणालेत? कुठल्या गावी? कधी?” मी गप्प. त्या दिवशी संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि तीन रकाने आखले: तारीख, गाव, कोणापुढे बोलले. १९५१ पासून १९६४ पर्यंत हा माणूस चालत होता. रोज नवं गाव, रोज नवी सभा. पदयात्रेतली भाषणं बहुतेक हिंदीत, स्वतः बसून लिहिलेलं बरंचसं मराठीत. दोन्हींचा बाज वेगळा. ‘मधुकर’मधल्या लेखांचे विनोबा आणि बिहारच्या मांडवातले विनोबा एकच समजलात तर पंचाईत होते.

वहीचा खरा फायदा मला १९६२ या वर्षाशी आल्यावर कळला. जूनच्या पहिल्या तारखेला सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीच्या राजघाटावरून अण्वस्त्रांविरुद्ध पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. निघण्याआधी ते विनोबांना भेटले होते. विनोबांनी दोन गोष्टी सांगितल्या: खिशात पैसा ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका. वाटेत सोव्हिएत संघात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांच्याजवळ चहाच्या चार पुड्या दिल्या, चार अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांसाठी. बटण दाबावंसं वाटलं तर आधी हा चहा करून प्या, असा निरोप. सप्टेंबरमध्ये विनोबा स्वतः पूर्व पाकिस्तानात चालत होते, आणि तिथल्या लोकांनीही त्यांना जमीन दिली. त्यानंतर महिन्याभरात, ऑक्टोबरमध्ये, चीनचं आक्रमण. सर्वोदयाच्या माणसांतच दोन तट पडले: युद्धाच्या प्रयत्नांना विरोध करायचा की नाही? १९६३ च्या मार्चमध्ये आपले शंकरराव देव दिल्लीहून पेकिंगकडे, म्हणजे आजच्या बीजिंगकडे, मैत्रीयात्रा घेऊन निघाले. चीननं आत घेतलं नाही. हे सगळं वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं वाचलं तर किस्से वाटतात. एका रकान्यात खाली खाली लिहिलं की त्या माणसांची ओढाताण दिसायला लागते. ज्यांना लघुप्रबंधाला आटोपशीर विषय हवाय त्यांनी हे एकच वर्ष घ्यावं. पुरून उरेल.

‘जय जगत्’ हा उद्गार १९५७ मधला, कर्नाटकातल्या पदयात्रेतला. स्वातंत्र्याला जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि विनोबा म्हणत होते, ‘जय हिंद’वरून आता ‘जय जगत्’वर यायला हवं. त्याच्या जोडीला ग्रामदान, म्हणजे गावची जमीन गावाच्या मालकीची. खाली गाव, वर जग, आणि देश म्हणजे मधला एक प्रांत. त्याच वर्षी केरळात शांतिसेना उभी राहिली. के. केळप्पन तिचे पहिले सेनापती. विनोबांचा हिशेब सरळ होता: पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक, म्हणजे देशाला सत्तर हजार. त्यानं एरवी गावात सेवा करायची आणि दंगल उसळली की मध्ये जाऊन उभं राहायचं. आधी ओळख, मग मध्यस्थी. अनोळखी माणसाचं दंगलीत कोण ऐकतं?

आता ते, ज्यासाठी मी हा विषय सोडला नाही. विनोबा म्हणत, मला अणुबॉम्बची भीती वाटत नाही, लहान शस्त्रांची वाटते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी समासात उद्गारचिन्ह काढलं होतं. हिरोशिमानंतर असं कसं म्हणवतं? त्यांचं म्हणणं असं की बॉम्ब इतका मोठा झालाय की तो माणसाला अहिंसेच्या दाराशी आणून सोडतो. लाठी, सुरा, बंदूक मात्र रोज वापरता येतात, म्हणून रोज वापरली जातात. त्याला जोडूनच त्यांचा सौम्य, सौम्यतर, सौम्यतम सत्याग्रह येतो: शस्त्रं जितकी उग्र होतील तितका प्रतिकार मवाळ होत गेला पाहिजे. हे मला आजही पुरतं पटलेलं नाही. पण प्रबंध लिहीत असताना युक्रेनमधल्या बातम्या रोज येत होत्या. अण्वस्त्रांची धमकी मथळ्यात असायची, आणि माणसं मरत होती ती तोफगोळ्यांनी आणि स्वस्तातल्या ड्रोननी. ते उद्गारचिन्ह मी खोडलं.

पवनारला जाऊन या. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला, धाम नदीच्या काठी. विनोबांनी १९५९ मध्ये तिथे बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, ते अजून आहे. मी प्रश्नांची छापील यादी घेऊन गेले होते. एका वृद्ध ताईंनी यादी बाजूला ठेवून माझ्यापुढे शेंगांची टोपली सरकवली. सोलता सोलता कळलं, आश्रमाचे निर्णय सर्वसंमतीनं होतात, मतदान नाही. “एकीला पटलं नाही तर?” “तर थांबायचं.” “किती दिवस?” त्या हसल्या आणि सालं गोळा करायला लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतही एका कायम सदस्याच्या नकारानं सगळं थांबतं, हे मला तिथेच आठवलं. पण तिथे थांबणारे नंतर एका पंगतीत जेवत नाहीत.

तोंडी परीक्षेत अडचणीचे प्रश्न येणारच, ते आधीच प्रबंधात लिहून टाका. मिळालेल्या भूदान जमिनीतली बरीच वाटलीच गेली नाही. आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ म्हटल्याचा शिक्का विनोबांना शेवटपर्यंत चिकटला. भक्तिभावानं लिहिलेला प्रबंध परीक्षक पहिल्या पंधरा पानांत ओळखतात.

नोकरीचं? प्राध्यापकीच्या जागा मोजक्या, नेट काढून ठेवा आणि वाट बघा. बाहेर बघायचं तर शांतिसेनेची कल्पना जगात पुढे गेलीय. १९८१ मध्ये पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल सुरू करणाऱ्यांत शांतिसेनेचे नारायण देसाई होते. २००२ मध्ये दिल्लीजवळ सूरजकुंडला स्थापन झालेली नॉनव्हायोलंट पीसफोर्स आजही निःशस्त्र माणसं दक्षिण सुदान, फिलिपिन्ससारख्या ठिकाणी पाठवते. हे पुस्तकी काम नाही, घरच्यांशी आधी बोला.

आणि जे जुनं दिसेल त्याचे लगेच फोटो काढून ठेवा. वाराणसीला राजघाटावरच्या सर्व सेवा संघाच्या, म्हणजे सर्वोदयाच्या मुख्य संघटनेच्या, इमारती २०२३ मध्ये बुलडोझरनं पाडल्या गेल्या. ‘नंतर सवडीनं येऊ’ म्हणून मी जी ठिकाणं मागे ठेवली होती त्यांतलं ते एक.

पवनारला उन्हाळ्यात जाऊ नका, वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन झेपत नाही. जाण्याआधी कळवा. आणि प्रश्नांची यादी नेलीत तरी पिशवीतच राहू द्या, हात मोकळे लागतात.