पेव लावायचा तर गड्डे मृगाआधी जमिनीत जाऊ द्या

मोठ्या झाडांखाली काही येत नाही म्हणून तो कोपरा मोकळा सोडू नका, तिथे पेव हे रानफुलझाड लावा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात, ओढ्याकाठी तो आपणहून उगवतो. आल्या-हळदीच्या नात्यातला आणि वर्षानुवर्षं टिकणारा. खोड पीळ घेत वर चढतं, पानं त्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी लागतात. जुलै ते सप्टेंबर शेंड्यावरच्या लाल कणसातून रोज एखाद-दुसरं पांढरं, चुणीदार फूल बाहेर येतं.

मेअखेर, मृग लागण्याआधी गड्डे लावून घ्या. प्रत्येक तुकड्याला निदान दोन फुगलेले डोळे हवेत. कापलेल्या जागी राख चोळून तुकडे एक दिवस सावलीत सुकू द्या, मग डोळे वर ठेवून दोन-तीन इंच खोल लावा. दोन तुकड्यांत दोन-अडीच फूट अंतर ठेवा, कारण बेट पसरतं. मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर घाला. ओलावा लागतो, पण पाणी साचलं की गड्डा सडतो, म्हणून सखल जागी आधी गादीवाफा करा. कोवळं ऊन चालतं, दुपारच्या उन्हात मात्र पानं करपतात.

गड्डे जंगलातून उपटून आणू नका, ही कळकळीची विनंती. ज्यांच्याकडे जुनं बेट आहे त्यांच्याकडून मागून घ्या. पावसाळ्यात खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी पेरांतून कोंब येतात.

पहिल्या पावसानंतर गोगलगायी कोवळ्या कोंबांवर तुटून पडतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवा आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा. कणसावर मुंग्या दिसल्या तर फवारणी करू नका. त्या तिथल्या गोड रसासाठी येतात, झाडाला त्रास देत नाहीत.

खरी चूक हिवाळ्यात होते. पानं पिवळी पडून खोडं वाळतात, आणि झाड मेलं समजून लोक गड्डा खणून फेकून देतात. तो मेलेला नसतो, झोपलेला असतो. वाळलेली खोडं कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरा, पाणी बंद करा आणि जागेवर एक काठी रोवून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात खणताना नेमकी कुदळ तिथेच पडते. मेच्या मध्याला हलकं पाणी सुरू करा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बेट दाटलं की कोंब फुटायच्या आत विभागणी करा.