हुआईशान-गोजी घालून पोर्कचं सूप: पोषण राखून कसं करावं

चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं सूप हे रोजच्या घरगुती जेवणातलं. पहिल्यांदाच करणार असाल, तर हुआईशान आणि गोजी बेरी (छोटी, सुकवलेली लाल फळं) घालून केलेलं बरगड्यांचं सूप निवडा. चवीला ते सौम्य असतं. हुआईशान म्हणजे वाळवलेल्या कंदाचे काप. हा कंद आपल्या कोनफळाच्याच कुळातला.

चौघांसाठी ५०० ग्रॅम पोर्कच्या बरगड्या, ३० ग्रॅम हुआईशान, ६ सुके लाल चिनी खजूर (खरं तर ही बोरंच), मूठभर गोजी, आल्याच्या ३ चकत्या आणि २ लिटर पाणी घ्या. हुआईशानचे काप अगदी पांढरेशुभ्र असतील तर घेऊ नका. त्यांना बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. फिकट पिवळसर काप बरे.

हुआईशान अर्धा तास भिजत घाला. बरगड्या गार पाण्यात टाकून उकळी आणा, वर आलेला फेस पाण्यासकट ओतून द्या आणि बरगड्या धुऊन घ्या. बोरांच्या बिया काढा. आता गोजी सोडून सगळं २ लिटर पाण्यात घालून उकळा, मग आच मंद करून दीड तास शिजू द्या. गोजी शेवटच्या दहा मिनिटांत घाला. मीठ अगदी शेवटी, सगळं मिळून चहाचा एकच सपाट चमचा.

सगळं सत्त्व पाण्यात उतरतं असं समजून कित्येक जण मांस बाजूला सारतात. तसं करू नका, कारण बहुतेक प्रथिनं मांसातच राहतात. पोर्कमध्ये भरपूर असलेलं बी-१ जीवनसत्त्व मात्र पाण्यात विरघळतं, शिवाय जास्त उष्णतेनं नष्टही होतं. म्हणून रस्सा आणि मांस दोन्ही खा, आणि चार-पाच तास उकळत ठेवू नका. हाडांतून कॅल्शियम मिळेल ही आशाही सोडा. ते इतकं कमी उतरतं की एका वाटी दुधाचीही बरोबरी होत नाही.

सूप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की चरबी वर गोठते. ती चमच्यानं काढा, पण थोडी राहू द्या. गोजीतलं डोळ्यांना उपयोगी झिॲझँथिन चरबीसोबतच नीट शोषलं जातं.

गाउट (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) असेल तर हा रस्सा टाळावा, त्यात हे ॲसिड वाढवणारे प्युरिन उतरतात. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी गोजी घालण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोजीमुळे त्या औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.