विमानतळावरची ‘अचानक’ भेट कशी वाचावी

मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलसमोर पहाटे पाचला एक मोटार थांबते, नटी उतरते, बॅगेचा पट्टा खांद्यावर असा सरकवते की कंपनीचे नाव नेमके कॅमेऱ्याकडे येते, आणि तासाभरात तीच चित्रफीत पाच गॉसिप खात्यांवर झळकते. अशी पोस्ट पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला पहिला प्रश्न विचारावा: छायाचित्रकारांना ही वेळ कळवली कोणी? ड्रायव्हर, हॉटेलातले कर्मचारी आणि चाहते हेही खबर देतात, त्यामुळे प्रत्येक छायाचित्र ठरवून काढलेले असते असे मुळीच नाही. परंतु पुष्कळदा निरोप कलाकाराची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या पीआरकडूनच आलेला असतो.

मग तारीख पाहावी. चित्रपट किंवा मालिका तोंडावर आली असताना दोन सहकलाकारांच्या ‘जवळिकीची’ बातमी फुटली, तर ती प्रसिद्धीच्या वेळापत्रकाचा भाग असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर मजकूर शेजारी-शेजारी ठेवून वाचावा. तीन खात्यांवर तेच वाक्य, तेच हॅशटॅग आणि शुद्धलेखनाची तीच चूक आढळली, तर तो मजकूर एकाच ठिकाणाहून आला आहे, हे ओळखायला आणखी पुरावा लागत नाही.

सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे काय छापले गेले नाही ते पाहणे. खात्याला रोज नवे दृश्य हवे असते, पीआरला आपला कलाकार डोळ्यांसमोर राहायला हवा असतो. या देवाणघेवाणीत पैसे हातात पडलेच पाहिजेत असे नाही, कारण पुढच्या लग्नाचे किंवा बारशाचे पहिले छायाचित्र मिळण्याची आशा नकोशी बातमी दाबून ठेवायला पुरेशी असते. जे खाते एका कलाकाराविषयी वर्षभर फक्त गोडच लिहिते, त्याने दुसऱ्याविषयी लिहिलेले कडूही तपासूनच घ्यावे.

हे समाजमाध्यमांनी आणलेले नाही. टाइम्स समूहाने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘मीडियानेट’मधून मनोरंजन पुरवण्यांतील जागा पैसे घेऊन दिली जात होती. आता ‘ॲस्की’ या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची २०२१ची आणि २०२२ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की जाहिरातदाराशी असलेले नाते, अगदी फुकट मिळालेली वस्तूसुद्धा, प्रेक्षकाला कळले पाहिजे. बॅग मात्र छायाचित्रकाराच्या खात्यावर दिसते, कलाकाराच्या नव्हे, आणि तिथे ‘जाहिरात’ हा शब्द सहसा नसतो. म्हणून कंपनीचे नाव टॅग केले आहे का, हे आपणच पाहावे. जाहिरात लपवल्याचा संशय पक्का असेल तर ‘ॲस्की’कडे ऑनलाइन तक्रार करता येते.

एका प्रकाराला मात्र ही सारी तपासणी लावू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट्टने, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून कोणीतरी आपली घरातली छायाचित्रे टिपल्याचे उघडपणे सांगितले आणि मुंबई पोलिसांना टॅग केले. घरात बसलेल्या माणसाचे असे छायाचित्र समोर आले, तर ते कोणाच्या फायद्याचे आहे याचा शोध घेत न बसता ते उघडू नये आणि कोणाला पाठवू नये.