जुना फिल्म कॅमेरा घ्यायला निघताना

पाकीट खिशात घालण्याआधी एक पिशवी भरा. बारीक झोताचा टॉर्च, दोन एलआर४४ बटण-सेल, एक ६ व्होल्टचा ४एलआर४४, कान साफ करायच्या काड्या आणि मुदत संपलेला एखादा रोल एवढं पुरे. फोन असतोच, त्यातलं स्लो मोशन चालवून बघून ठेवा. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा, नाहीतर एखाद्या काकांच्या घरी त्यांचा माळ्यावरचा खजिना बघायला जा. बघायचं ते दिवसाउजेडी. "एकदम चालू कंडिशन" म्हणजे निदान खटका दाबल्यावर आवाज येतो, एवढंच समजा.

सगळ्यात आधी काच. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरतेच. अॅपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू मात्र गंभीर. बुरशी वरवरची असेल तर कारागीर लेन्स उघडून पुसू शकतो, पण तिने काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाल्लं असेल तर डाग कायमचा. पेंटॅक्स के१००० सारख्या एसएलआरची (लेन्समधूनच दृश्य बघायच्या कॅमेऱ्याची) लेन्स बदलता येते, तिथे बॉडीचेच पैसे द्या. याशिका इलेक्ट्रो ३५ ची लेन्स बॉडीलाच जडलेली, तिथे चहा पिऊन उठावं.

मग शटर, म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळ प्रकाश सोडणारी झडप. मागचं दार उघडून सगळे स्पीड एकेक करून चालवा. जुनं वंगण सुकलं की आधी १ सेकंद, १/२, १/४ हे संथ स्पीड अडकतात. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलंत तर १ सेकंदाला शटर साधारण २४० फ्रेम उघडं दिसायला हवं, १/३० ला आठेक. १/१००० असा मोजता येत नाही. त्यासाठी पांढऱ्या भिंतीकडे रोखून मागून बघा, चौकटीची एक बाजू काळी राहिली तर शटरचे पडदे नीट पळत नाहीत. कापडी पडद्यावर टॉर्च धरून सुईएवढी भोकंही शोधा, पण त्याला बोट लावू नका. आणि सेल्फ टायमरच्या वाटेला जाऊच नका. वर्षानुवर्षं न हललेला तो खटका अर्ध्यात अडकला की अख्खा कॅमेरा अडकतो आणि विकणारा तुमच्याकडे बघत राहतो.

सेलचं झाकण उघडा. हिरवट-पांढरी पूड व्हिनेगरच्या काडीने निघते. वायर आतून कुजली असेल तर नाही. कॅनन एई-१ सेलशिवाय शटर मारतच नाही, म्हणून तो ४एलआर४४ सोबत न्यायचा. के१००० चं शटर पूर्ण यांत्रिक, सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. मीटर मेलेला असला तर मी भाव पाडतो, कॅमेरा सोडत नाही; फोनवरचं अॅप ते काम करतं. जुन्या १.३५ व्होल्टच्या पारा-सेलवर चालणाऱ्या मीटरमध्ये आजचा १.५ व्होल्टचा घातला तर बहुतेकदा तो प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो अंधारे येतात. कानाच्या मशीनचा १.४ व्होल्टचा ६७५ सेल रबरी रिंग लावून तिथे बसवता येतो.

दाराच्या खाचेतला, प्रकाश आत येऊ न देणारा फोम (सील) डांबरासारखा चिकट झालेला असणारच, त्यावर घासाघीस करा पण घाबरू नका. तो खरवडून खाचेत काळी लोकर आणि बिजागरीपाशी मखमलीची पट्टी चिकटवली की काम भागतं. तुळशीबागेत दोन्ही मिळतात.

शेवटी बरोबरचा रोल चढवा. दार लावून रिवाइंडच्या बटणाने आधी फिल्मचा ढिलेपणा काढून घ्या. नंतर लिव्हर ओढताना ते बटण उलटं फिरलं पाहिजे. घरी आल्यावर खरा रोल घाला, प्रत्येक फोटोचा स्पीड-अॅपर्चर वहीत लिहा आणि लॅबला निगेटिव्ह न कापता द्यायला सांगा. प्रकाशाचा पट्टा कडेच्या भोकांपर्यंत पसरला असेल तर दोष बहुधा दाराच्या सीलचा. फोटोच्या चौकटीतच थांबला असेल तर पडदा तपासून घ्या.